मक्याचे ठिपके आणि मॅक्लिंटॉकबाई

पाऊस सुरू झाला की आपल्या कॉलेजच्या गेटबाहेर भुट्ट्याची गाडी लागते. कोळशावर भाजलेलं कणीस, वर लिंबू, मीठ, तिखट, आणि डोक्यात सबमिशनचं टेन्शन. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला ही चव माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात माझी मिनी प्रोजेक्टची प्रेझेंटेशन पार फसली होती. पंधरा मिनिटं बोलले आणि शेवटी समोरच्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्या रात्री प्रोजेक्ट बदलायचा असं ठरवून मी लायब्ररीत जाऊन बसले आणि हाताला भलतंच पुस्तक लागलं. त्यात एका रंगीबेरंगी कणसाचा फोटो होता. काही दाणे जांभळे, काही पिवळे आणि काही पिवळ्यावर जांभळे ठिपके असलेले.

फोटो रूममेटला दाखवला. ती खानदेशातली, तिच्या घरी मका असतो. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, की दाणा जांभळा असेल तर पूर्ण जांभळा असावा, पिवळा असेल तर पूर्ण पिवळा. एकाच दाण्यावर ठिपके कसे? मला उत्तर येत नव्हतं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, बायोलॉजी दहावीनंतर सुटली ती सुटलीच. पण हाच प्रश्न एका बाईंनी उभं आयुष्य लावून सोडवला आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं, हे त्या पुस्तकात होतं. म्हणून हा लेख. मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे गुणसूत्र, जनुक हे शब्द रूममेटकडून उसने घेतलेत. चुका मात्र माझ्या.

बार्बरा मॅक्लिंटॉकचा जन्म 16 जून 1902 रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये झाला. चार भावंडांमधली ती तिसरी. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. आधी तिचं नाव एलिनोर ठेवलं होतं, पण ते नाव या मुलीच्या स्वभावाला फारच नाजूक वाटतं असं आईवडिलांना वाटलं आणि त्यांनी ते बदलून बार्बरा केलं. वडिलांचा दवाखाना चालेपर्यंत घरात पैशाची ओढाताण होती, म्हणून तीन वर्षांच्या सुमाराला तिला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काका-काकूंकडे ठेवलं. पुढे 1908 मध्ये सगळं कुटुंबच ब्रुकलिनला आलं. एकटं राहायची, एकटं खेळायची आणि एकटीनेच एखाद्या गोष्टीचा विचार करत बसायची सवय तिला लहानपणीच लागली.

शाळा संपली आणि आपल्याकडे होतो तसाच प्रश्न उभा राहिला. मुलगी जास्त शिकली तर लग्न कसं होणार, ही आईची काळजी. त्यामुळे कॉलेजला आईचा विरोध होता. वडील पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेले होते. ते परत आले आणि त्यांनी मुलीची बाजू घेतली. 1919 मध्ये बार्बरा कॉर्नेल विद्यापीठाच्या शेतकी कॉलेजात दाखल झाली. तिथे तिने केस एकदम आखूड कापले, जॅझच्या एका ग्रुपमध्ये बँजो वाजवला आणि जेनेटिक्सचा एक वर्ग केला. त्या वर्गाने तिला असं काही पकडलं की मग सुटका नाही. 1923 मध्ये बीएस्सी, 1925 मध्ये एमएस्सी आणि 1927 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बॉटनीत पीएचडी. आता पीएचडी झाली, तेव्हा इथून पुढे आपण त्यांना बाई म्हणू.

बाईंचा विषय एकच, मका. आता मकाच का? तर मक्याचं प्रत्येक कणीस म्हणजे एका प्रयोगाचा रिझल्ट असतो. नर फुलं वरच्या तुऱ्यात, मादी फुलं खाली कणसात. तुऱ्यावर आणि कणसाच्या केसांवर कागदी पिशव्या बांधायच्या आणि हव्या त्या झाडाचे परागकण हव्या त्या कणसावर स्वतःच्या हाताने टाकायचे. मग कणसावरचा प्रत्येक दाणा म्हणजे एक वेगळं अपत्य, आणि त्याचा रंग बाहेरून दिसतो. एका कणसावर शेकडो दाणे, म्हणजे शेकडो रीडिंग्ज. तोटा एवढाच की उघड्या शेतात वर्षाला पीक एकच. प्रयोग चुकला तर आपल्यासारखं पुढच्या सेमिस्टरला नाही, थेट पुढच्या वर्षी.

पहिलं मोठं काम म्हणजे मक्याच्या दहा गुणसूत्रांची ओळख पटवणं. कोणतं लांब, कोणतं आखूड, कोणावर कुठे गाठ आहे, हे सगळं मायक्रोस्कोपखाली बघून त्यांनी प्रत्येकाला नंबर लावला. मग 1931 मध्ये हॅरिएट क्रायटन या आपल्या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी एक पेपर छापला. आई आणि बाबांकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, हे तोपर्यंत फक्त आकडेमोडीवरून मानलं जात होतं. या दोघींनी मक्याच्या नवव्या गुणसूत्रावर ती अदलाबदल डोळ्यांनी दाखवून दिली. त्या वेळी बाईंचं वय अवघं एकोणतीस होतं.

एवढं करूनही पक्की नोकरी मिळेना. ते मंदीचे दिवस होते, आणि बाईला विद्यापीठात संशोधनाची जागा मिळणं त्याहून अवघड. फेलोशिपवर दिवस काढत त्या मिसुरी, कॅलिफोर्निया असं फिरत राहिल्या. 1933 मध्ये एका फेलोशिपवर जर्मनीला गेल्या, पण तिथे हिटलर सत्तेवर आला होता आणि ते वातावरण बघून त्या ठरल्यापेक्षा आधीच परतल्या. 1936 मध्ये मिसुरी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरची नोकरी मिळाली. तिथे आपलं भविष्य नाही हे लक्षात आल्यावर 1941 मध्ये ती सोडली. हातात दुसरी नोकरी नसताना! शेवटी न्यूयॉर्कजवळ समुद्रकाठच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. शिकवणं नाही, कमिट्या नाहीत. एक मायक्रोस्कोप, एक मक्याचं शेत आणि भरपूर वेळ. तिथे त्या जवळजवळ पन्नास वर्षं राहिल्या.

तिथेच 1944 च्या सुमारास त्या ठिपक्यांचं प्रकरण सुरू झालं. नववं गुणसूत्र तुटलेली काही झाडं त्यांनी वाढवली होती. त्यांच्या पानांवर विचित्र पट्टे दिसले. कधी शेजारी-शेजारी असे दोन पट्टे, की एकात बदल नेहमीपेक्षा जास्त आणि दुसऱ्यात कमी. बाईंनी विचार केला, की एका पेशीच्या दोन पेशी होताना एकीने काहीतरी गमावलं आणि तेच दुसरीला मिळालं. पण काय मिळालं?

पुढची काही वर्षं त्यांनी कणसामागून कणीस तपासलं. उत्तर असं निघालं. मक्याच्या डीएनएमध्ये एक तुकडा होता, त्याचं नाव ठेवलं डीएस. या तुकड्याच्या जागी गुणसूत्र तुटायचं. पण एकट्या डीएसला काही करता येत नव्हतं, दुसरा एक तुकडा, एसी, त्याच पेशीत हजर असला तरच हे व्हायचं. आणि खरा धक्का 1948 मध्ये बसला. डीएस आपली जागा बदलतो! तो उठून रंगाच्या जनुकात जाऊन बसला तर रंग बंद, दाणा रंगहीन. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो तिथून पुन्हा उठला तर त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशींमध्ये रंग परत चालू. तोच ठिपका. लवकर उठला तर मोठा ठिपका, उशिरा उठला तर बारीक. म्हणजे ठिपक्याची साइज बघून घटना कधी घडली ते सांगता येतं, आपण ग्राफवरून टाइम काढतो तसं.

त्या काळी जनुकं म्हणजे माळेतले मणी, प्रत्येक आपल्या जागी कायमचा, असं समजत होते. डीएनएची रचनासुद्धा 1953 मध्ये कळली, म्हणजे बाईंच्या या कामानंतर. अशा वेळी मणी उड्या मारतात असं म्हणायचं! आणि बाई त्याच्याही पुढे गेल्या. त्यांना मुख्य प्रश्न वेगळाच दिसत होता. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं सारखीच आहेत, तर मूळ मूळ का होतं आणि फूल फूल का होतं? कुठलं जनुक कधी आणि कुठे चालू करायचं, हे कोणीतरी ठरवत असलं पाहिजे. बाईंना वाटलं, हे ठरवणारे म्हणजेच आपले हे उड्या मारणारे तुकडे. म्हणून त्यांनी त्यांना कंट्रोलिंग एलिमेंट असं नाव दिलं. आम्ही तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम शिकतो, ते वाचताना मी खुर्चीत ताठ बसले.

1951 च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या मोठ्या परिषदेत बाईंनी हे सगळं मांडलं. आकडे खूप, मांडणी गुंतागुंतीची, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मका माहीत नाही. बऱ्याच जणांना ते समजलंच नाही. 1953 मध्ये आणखी एक सविस्तर पेपर छापला, त्यालाही फारसा प्रतिसाद आला नाही. मग त्यांनी या विषयावर मोठ्या जर्नल्समध्ये लिहिणं जवळजवळ थांबवलं. काम मात्र थांबवलं नाही. दरवर्षी संस्थेच्या अहवालात त्या आपले निष्कर्ष नीट लिहून ठेवत राहिल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बाईंची गोष्ट सांगताना ती बऱ्याचदा फिरवली जाते. जगाने वेडं ठरवलेली, कोणीच न विचारलेली एकटी बाई, असं काही नव्हतं. 1944 मध्येच त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या होत्या, आणि असा मान मिळालेल्या त्या तिसऱ्या स्त्री. 1945 मध्ये जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. तुकडे जागा बदलतात हे मक्यावर काम करणाऱ्या इतरांनीही लवकरच बघितलं, विस्कॉन्सिनच्या ब्रिंक आणि निलन यांनी तर 1952 मध्येच. लोकांना पटत नव्हता तो दुसरा भाग, की हेच तुकडे झाडाची सगळी वाढ चालवतात. आणि मक्याच्या बाहेर हे कुठे घडत असेल असंही कोणाला वाटत नव्हतं.

1961 मध्ये पॅरिसच्या जाकोब आणि मोनो यांनी बॅक्टेरियामध्ये दाखवलं, की एक पदार्थ पुढची जनुकं बंद ठेवतो. म्हणजे जनुकांना स्विच असतो हे सिद्ध झालं. बाईंनी त्याच वर्षी लेख लिहून मका आणि बॅक्टेरिया यांच्यातलं साम्य दाखवलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी बॅक्टेरियातही उड्या मारणारे तुकडे सापडले, नंतर माश्यांमध्ये, नंतर सगळीकडे. 1983 मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झालं. त्यांनी ती बातमी रेडिओवर ऐकली. वय 81. वैद्यकशास्त्राचं नोबेल कोणाबरोबरही न वाटता मिळालेली ती पहिली स्त्री. 2 सप्टेंबर 1992 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

इथे लेख संपवला असता तर छान सुविचार झाला असता. पण मला खरा आवडला तो भाग पुढे आहे.

जनुक चालू-बंद करणारे खरे ऑपरेटर कोण, हे आता आपल्याला माहीत आहे. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. जनुकाचं काम सुरू व्हायचं तर आधी त्याची आरएनएमध्ये कॉपी निघावी लागते. ही कॉपी काढणारं मशिन आपोआप सगळीकडे चालत नाही. जनुकाच्या सुरुवातीजवळ डीएनएचा एक छोटा पट्टा असतो, त्यावर विशिष्ट प्रोटीन येऊन बसलं की मशिन चालू होतं किंवा बंद होतं. हे बसणारं प्रोटीन म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. म्हणजे रोजचा कंट्रोल उड्या मारणाऱ्या तुकड्यांकडे नसून या प्रोटीनकडे आहे. थोडक्यात, बाईंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, तुकडे उड्या मारतात हे बरोबर होतं, पण झाडाची वाढ तेच चालवतात हा अंदाज त्यांनी मांडला तसा टिकला नाही.

आता गंमत बघा. बाईंचा डीएस ज्या रंगाच्या जनुकात जाऊन बसला होता, त्याचं नाव सी1. 1980 च्या दशकात शास्त्रज्ञांनी अशाच उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा खूण म्हणून वापर केला. तुकड्याचा डीएनए ओळखीचा, मग तो जिथे अडकलाय तिथे त्याच्या आजूबाजूचं जनुक पकडायचं. गर्दीत हरवलेला माणूस त्याच्या लाल छत्रीवरून शोधावा तसं. अशा पद्धतीने 1986 मध्ये सी1 हाताला लागलं आणि 1987 मध्ये कळलं, की ते स्वतः रंग बनवतच नाही. ते एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बनवतं! कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या एका व्हायरसमुळे आधीच माहीत झालेल्या मिब नावाच्या प्रोटीनशी ते जुळत होतं. वनस्पतींमध्ये ओळख पटलेल्या अगदी पहिल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरपैकी हा एक. म्हणजे बाई इतकी वर्षं ज्या दाण्यांच्या ठिपक्यांकडे बघत होत्या, त्यात खरा कंट्रोलर समोरच होता. त्यांचा तुकडा त्या कंट्रोलरच्या जनुकातच जाऊन बसला होता.

आणि सी1 एकटा काम करत नाही. त्याला आर नावाच्या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरची जोड लागते. दोघे हजर असतील तरच जांभळ्या रंगाची जनुकं चालू होतात, एक जरी नसला तरी रंग नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर साधा अँड गेट.

फुलाचंही असंच. नर्सरीत आपण ज्याला डॉगफ्लॉवर म्हणतो त्या झाडातही उड्या मारणारे तुकडे आहेत. त्यांच्या मदतीने 1990 मध्ये एक जनुक पकडलं गेलं, जे बिघडलं तर झाड फुलांच्या जागी नुसत्या फांद्याच काढत राहतं. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, कोएन आणि मायरोविट्झ या दोघांनी फुलाचा हिशोब मांडला. ए, बी आणि सी असे तीन स्विच. नुसता ए चालू तर बाहेरची हिरवी निदलं. ए आणि बी तर पाकळ्या. बी आणि सी तर पुंकेसर. नुसता सी तर मधला स्त्रीकेसर. हे स्विच म्हणजेही बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच. सी कमी पडला तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच येतात. गॅदरिंगला पाहुण्यांना देतो तो भरगच्च पाकळ्यांचा गुलाब त्यातूनच झालेला आहे. ट्रुथ टेबल पाठ करून कंटाळलेल्यांनी एकदा जास्वंद हातात घेऊन बघावी.

शेवटची गोष्ट तर भुट्ट्याचीच. मक्याचा रानटी पूर्वज टेओसिंटे नावाचं मेक्सिकोतलं झुडूप. भरपूर फांद्या आणि बारीकशी कणसं. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी निवडून निवडून त्याचा मका केला. मक्याला एक सरळ खोड का, तर टीबी1 नावाच्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं काम मक्यात जास्त जोरात चालतं आणि तो बाजूच्या फांद्या रोखतो. जोर का वाढला, हे 2011 मध्ये छापून आलं. त्या जनुकापासून डीएनएच्या साठएक हजार अक्षरांवर एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसलाय, त्याने व्हॉल्यूम वाढवला. म्हणजे अशा तुकड्यांच्या हातात कंट्रोल कधीच नसतो असंही नाही. 2009 मध्ये मक्याचा सगळा डीएनए वाचला तेव्हा त्यातला सुमारे 85 टक्के भाग अशाच तुकड्यांचा निघाला. हे बघायला बाई हव्या होत्या.

हे सगळं मी रूममेटला भुट्टा खात सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, की मग तू प्रोजेक्ट बदलणार की नाही. खरं सांगते, आधी माझ्या डोक्यात सोपं उत्तर होतं. बाईंना कोणी समजून घेतलं नाही, मलाही कोणी समजून घेतलं नाही, म्हणजे मी बरोबर. पण असं होत नाही ना. ज्याचं कोणाला समजलं नाही असे बहुतेक जण नोबेलवाले नसतात, त्यांचं खरंच काहीतरी चुकलेलं असतं. आणि स्वतः बाईंचाही अर्धा अंदाज चुकला होता. तरी त्यांचं काम वाया गेलं नाही, कारण प्रत्येक दाण्याची नोंद होती. तीस वर्षांनी कोणी तपासायला आलं तेव्हा तपासण्यासारखं काहीतरी तिथे होतं.

मी खोलीवर येऊन माझी रीडिंग्ज काढली. निम्म्या ठिकाणी तारीख नव्हती, सेन्सर कोणता लावला होता ते लिहिलेलं नव्हतं. समोरच्यांना काय कळणार, मलाच कळत नव्हतं. प्रोजेक्ट तोच ठेवला, रीडिंग्ज पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या प्रेझेंटेशनला तीन प्रश्न आले. दोनांची उत्तरं देता आली, तिसऱ्याचं अजून शोधतेय.

पुढच्या पावसाळ्यात गाडीवर भुट्टा घ्याल तेव्हा खाण्याआधी दाण्यांकडे एक मिनिट बघा. ते बघण्यात एका बाईंचं उभं आयुष्य गेलंय. मग लिंबू लावा.